साडेसत्त्याण्णव अंश

आमच्या शाळेत वीस वर्षं पाणी बरोबर शंभर अंशांना उकळत होतं, आणि वीस वर्षं प्रयोगशाळेतल्या हवेचं तापमान सत्तावीस अंश होतं. थंडीत सत्तावीस, उन्हात सत्तावीस, आणि ज्या दिवसांत आमच्याकडे दोरीवरचं लुगडं चार-चार दिवस वाळत नाही त्या दिवसांतही सत्तावीस. या वीस वर्षांतली एकोणीस आवारी सरांची. विसावं माझं, ते कबूल करूनच पुढचं सांगते.

गावाचं नाव सांगत नाही. राजूर सोडून भंडारदऱ्याकडे चढायला लागलं की एक फाटा फुटतो, एवढं पुरे. माणसं अजून आहेत आणि मला कुणाची अब्रू काढायची नाही. राग काढायचा आहे, तो निराळा.

मी नगरजवळच्या भिंगारची. वडील लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन कारकून, त्यामुळे घरात शिस्त फार आणि प्रश्न कमी. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले, बी.एड. केलं आणि शहाण्णवच्या जूनमध्ये या डोंगरातल्या हायस्कूलवर विज्ञानाची शिक्षिका म्हणून रुजू झाले. दोन वर्षं नीट काढली की नोकरी कायम. माझ्या आधी विज्ञान शिकवणारे आवारी सर त्याच वर्षी मुख्याध्यापक झाले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कपाटातून कापडी बांधणीची एक जुनी वही काढून माझ्या हातात दिली.

"मॅडम, ही मास्टर वही. दहावीच्या सगळ्या प्रयोगांची निरीक्षणं हिच्यात आहेत. फळ्यावर उतरवा, पोरं लिहून घेतील. चुकायची भीती नाही."

मी उतरवली. पोरांनी लिहून घेतली. प्रत्येक प्रयोगाखाली 'विद्यार्थ्याने हा प्रयोग स्वतः करून निरीक्षणे स्वतः नोंदवली आहेत' असं छापलेलं प्रमाणपत्र होतं, त्यावर मी सही ठोकली. आवारी सरांनी शिक्का मारला. त्या वर्षी प्रात्यक्षिकात एकाही पोराचा एकही मार्क गेला नाही, आणि मला वाटलं आपण फार हुशार शिक्षिका आहोत.

आवारी सर वाईट नव्हते. हे मी आत्ता म्हणते, तेव्हा म्हणाले नसते. ते या शाळेवर आले तेव्हा दहावीचा निकाल अठरा टक्के लागायचा. त्यांनी तो नव्वदच्या वर नेला. परीक्षेच्या दिवसांत पहाटे बॅटरी घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरायचे आणि दारं वाजवून पोरं उठवायचे. अपेक्षित प्रश्नांचे संच त्यांनी स्वतः हातानं लिहून काढले होते. पोरं ते संच देवाच्या पोथीसारखे कपड्यात गुंडाळून ठेवायची. एखाद्यानं संचाबाहेरचं काही विचारलं की सरांचं उत्तर ठरलेलं असायचं, "परीक्षेला नाही." वर्षभरात हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकले की शेवटी माझ्याही तोंडून निघायला लागले.

त्या प्रश्न विचारणाऱ्यांत पहिला नंबर यशोधराचा. फाट्यावर ज्यांची चहाची टपरी होती त्या सुमनबाईंची ही मुलगी. काटकुळी, दोन वेण्या, आणि हात सतत वर. स्टाफरूममध्ये म्हणायचे, यशोधरा उभी राहिली की तास गेला. वडील लहानपणीच वारले होते. दहावीला बरे मार्क पडले तर तिला नर्सिंगला घालायचं, हे सुमनबाईंनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून ठेवलं होतं. नर्सिंगच्या यादीत नाव कुठे थांबेल ते एकेका मार्कावर ठरणार होतं, आणि ते त्या मायलेकींना पक्कं ठाऊक होतं.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर शाळेत कंप्युटर आला. गावच्या मुंबईकर मंडळींनी दिलेला, एकच. खिडकीला गज आणि भिंतीत धड प्लग अशी खोली एकच होती, ती म्हणजे प्रयोगशाळा. नारळ फुटला, हार पडला, वर जांभळं मखमली कापड आलं. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली, 'या खोलीत पाणी, वाफ, धूर व ज्योत यांस सक्त मनाई.' प्रयोगशाळेत पाणी नको आणि ज्योत नको म्हटल्यावर उरलं काय? फळा. तो होताच.

पोरांना कंप्युटर दाखवायचा तोही चपला बाहेर काढून, हात मागे बांधून, रांगेनं. यशोधराची पाळी आली तेव्हा ती त्याच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ह्याला कायबी इचारलं तर सांगतो का हो?"

"हात मागे घे," आवारी सर म्हणाले.

डिसेंबरात एका सकाळी मी नेहमीप्रमाणे फळ्यावर उतरवत होते. पाण्याचा उत्कलनबिंदू काढणे. साहित्य, कृती, निरीक्षण. हवेचे तापमान सत्तावीस अंश. आम्ही सगळे स्वेटरांत होतो. पाण्याचा उत्कलनबिंदू शंभर अंश.

"मॅडम, हे शंभर कुणी पाह्यलं?"

"शास्त्रज्ञांनी," मी न वळताच म्हणाले.

"तसं न्हाई. आपल्या शाळंत कुणी पाह्यलं?"

"यशोधरा, लिहून घे. परीक्षेला हेच आहे."

तिनं लिहून घेतलं नाही. पेन खाली ठेवून ती खिडकीबाहेर बघत बसली, आणि तो अख्खा तास माझी पाठ जळत राहिली.

त्याच आठवड्यात वर्षाखेरीची सामानाची तपासणी आली. कपाटाच्या तळाशी मला खोक्यात कापसात गुंडाळलेले थर्मामीटर सापडले. एक नाही, तेवीस. खोक्यावर आवारी सरांच्या अक्षरात लिहिलेलं, 'सदोष. निर्लेखनासाठी.' म्हणजे हे नोंदवहीतून काढून टाकायचे.

आमचा शिपाई गहिनीनाथ शाळेतल्या भिंतींपेक्षा जुना. त्याला विचारलं, "इतके कसे बिघडले रे?"

"बिघडले न्हाईत म्याडम, बिघडलेलेच यायचे. सुरवातीला सर परयोग करायचे. थर्मामीटर काय शंभरावर जायाचा न्हाई. मग सर नवे मागवायचे. नवे बी तसलेच. सर लई चिडायचे, म्हनायचे दुकानदार डोंगरातली शाळा बघून खराब माल गळ्यात मारतो." गहिनीनाथनं खांदे उडवले. "चार-सहा वर्षं झालं असं. मग सरांनी परयोगच बंद केला."

मी बी.एस्सी. फिजिक्स. हे सगळं ऐकलं, मान डोलावली आणि मनात म्हटलं, खरंच, दुकानदार फार लबाड असतात. माझ्या डोक्यात एवढाच प्रकाश पडला. दुपारी यशोधराला बोलावलं, खोक्यातला एक थर्मामीटर तिच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "हा खराब आहे, टाकून द्यायचाच आहे. आईच्या टपरीवर पाण्यात बुडवून बघ. तुझी हौस फिटेल." खरं तर मला तिचं तोंड बंद करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली. "साडेसत्त्याण्णव."

"खराब आहे म्हटलं ना."

"मंग दुसरा द्या."

दुसरा दिला. साडेसत्त्याण्णव. तिसरा नेला, चौथा नेला. पाचव्या दिवशी पाचही थर्मामीटर माझ्या टेबलावर ओळीनं मांडून ती म्हणाली, "मॅडम, पाच जनं खोटं बोलतील. पर पाची जनं येकच खोटं बोलतील व्हय?"

तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं. पाठ्यपुस्तक उघडलं. धड्यात होतं, बारीक अक्षरात होतं, 'वातावरणाच्या प्रमाण दाबास'. समुद्रसपाटीजवळची ही गोष्ट. वर चढावं तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळतं. आमचं गाव समुद्रापासून साडेसातशे मीटर वर. इथलं पाणी शंभरला पोचणारच नव्हतं, ते आधीच उकळून मोकळं होत होतं. आणि हे मला येत होतं! कॉलेजात यावर मी पूर्ण मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, आलेखासकट. कुठे बसून? नगरला. तेही समुद्रापासून सहाशे मीटरच्या वर. भिंगारच्या आमच्या घरात आई रोज सकाळी ज्या पातेल्यात पाणी तापवायची ते जन्मात कधी शंभरला गेलं नव्हतं, आणि मी शाळेत, कॉलेजात, शिक्षिका झाल्यावर, सगळीकडे शंभर लिहून मार्क मिळवले होते. मला इतकी लाज वाटली की मी वर्गात पोरांसमोर डोळे पुसले. बिचारे दुकानदार, आणि बिचारे ते तेवीस थर्मामीटर.

संध्याकाळी मी टपरीवर गेले. सुमनबाईंच्या स्टोव्हवर यशोधरानं मला पुन्हा दाखवलं. पारा चढत गेला, साडेसत्त्याण्णववर थांबला, पाणी खदखदत राहिलं आणि पारा हलेना. सुमनबाई गाळणं हातात धरून बघत होत्या.

"म्हंजी म्याडम, येवढी वर्सं मी लोकांना कच्चा चहा पाजला म्हना की."

"नाही हो. चहा चांगला आहे. पुस्तक कच्चं शिकवलं आम्ही."

मग त्यांचा चेहरा बदलला. "पर परीक्षेला काय लिवायचं?"

यशोधरा म्हणाली, "जे दिसलं त्ये."

"मार्क गेला म्हंजी?"

यावर शहाणपणाचं काही बोलायला गेले असते तर त्या बाईंनी मला हाकललं असतं आणि बरं केलं असतं.

प्रात्यक्षिक परीक्षा फेब्रुवारीत होती. तीन दिवस आधी अडतीस प्रयोगवह्या माझ्या टेबलावर आल्या. सदतीस वह्यांत शंभर. एकीत साडेसत्त्याण्णव, आणि हवेचं तापमान अठरा. मी त्या एका वहीवर सही करून शिक्क्यासाठी आत पाठवली. पाच मिनिटांत आवारी सरांनी मला बोलावलं.

"मॅडम, हे पान बदलून घ्या."

"पान बरोबर आहे सर." मी सगळं सांगितलं. उंची, दाब, पाच थर्मामीटर. सदोष या शब्दाबद्दल बोलले नाही, पण खोक्याचं नाव निघताच त्यांचा चेहरा उतरला.

त्यांनी वही मिटून बाजूला सरकवली. मग म्हणाले, "समजा तुमचं खरं आहे. बाहेरून परीक्षक येणार. त्याच्या हातात उत्तराचा कागद असतो, त्यावर शंभर असतं. तो काय तुमचा डोंगर मोजत बसणार? मार्क कापून मोकळा होईल. तुम्ही भिंगारच्या, तुमचं भागतं. ह्या पोरांना मार्कांशिवाय कुणी दारात उभं करत नाही. मी अठरा टक्क्यांचे दिवस पाहिलेत. हुशार पोरं धरणावर पर्यटकांची सामानं उचलायला गेली." आवाज चढला होता. "पान बदला. नाहीतर ह्या वहीवर शिक्का नाही, आणि शिक्का नाही तर तिला परीक्षेला बसता येणार नाही. आणि तुमचा कायम होण्याचा अहवाल मलाच लिहायचाय, हे तुम्हाला ठाऊक आहे."

त्यांचं एकही वाक्य खोटं नव्हतं, त्याचाच मला जास्त संताप आला. वही उचलून मी स्टाफरूममध्ये आले. पानाखालचं प्रमाणपत्र समोर होतं. 'प्रयोग स्वतः करून निरीक्षणे स्वतः नोंदवली आहेत.' वर्षानुवर्षं कुणी न वाचलेलं ते वाक्य मी वाचलं, आणि पुन्हा वाचलं. मग सदतीस वह्यांचा गठ्ठा उचलला, आत गेले आणि सरांच्या टेबलावर ठेवला.

"ह्या घ्या सर. ह्यांच्यावर मी सही करणार नाही."

"कशांवर?"

"ह्या सदतीसांवर. ह्या पोरांनी प्रयोग केलेला नाही. केला असं मी कसं लिहून देऊ? जिनं केलाय तिच्या वहीवर माझी सही आहे. हा प्रयोग खरा केलेली वही शाळेत एकच आहे, आणि तुम्ही तीच परत पाठवलीत."

"मॅडम, तुम्हाला वेड लागलंय का? सगळ्या महाराष्ट्रात असंच लिहितात."

"लिहू दे. सही इथे माझी आहे."

खोटं कशाला सांगू, घरी पोचल्यावर मला रडू आलं. नोकरी गेली तर वडिलांना काय तोंड दाखवायचं, हेच डोक्यात फिरत होतं. पण सही करायची इच्छा एकदाही झाली नाही.

सकाळी शाळेच्या आवारात पन्नास माणसं जमलेली. बातमी टपरीवरून गेली की आणखी कुठून, कोण जाणे. सगळ्यांत पुढे दहावीतल्या पंकजचे वडील सूर्यभान. ऊस, दोन विहिरी, आणि पोराला पॉलिटेक्निकला घालायचा ध्यास.

"म्याडम, आमच्या पोरांचं वरीस घालवता का? सही कराया तुमचं काय जातंय?"

"माझं जातंय," मी म्हणाले. "मी खोटं लिहून दिलं तर उद्या तुमच्या पोराला खरं बोल म्हणायला मला तोंड राहत नाही."

"खऱ्याला पॉलिटेक्निकात कोन इचारतंय?" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. आवारी सर व्हरांड्यात उभे होते, त्यांनी हसणाऱ्यांना थांबवलं नाही.

तेवढ्यात सुमनबाई गर्दीतून पुढे आल्या. टपरी उघडी टाकून आल्या होत्या, हाताला चहाची भुकटी तशीच. मला वाटलं, आता या पाया पडून पान बदला म्हणणार. त्यांना तसं म्हणायचा हक्कही होता.

"माझ्या पोरीपायी कुनाच्या पोराचं वाटोळं नको," त्या म्हणाल्या. "पर मला येक कळंना. म्याडम म्हनत्यात, पोरांनी परयोग केला न्हाई म्हून सही न्हाई. मंग करू द्या की परयोग. किती वेळ लागतो?"

मी म्हणाले, "पाणी उकळायला लागतो तेवढा."

"मंग अडलंय कुठं? माझा स्टोव्ह घिऊन येते."

"प्रयोगशाळेत ज्योत नेता येणार नाही," आवारी सर म्हणाले. "कंप्युटर आहे."

सुमनबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "सर, माझ्या सासऱ्यानं छप्पन साली धम्म घेतला तवा गावानं त्यास्नी लई इचारलं, तू कोन आमाला शिकवनारा. ते म्हनले, मी शिकवीत न्हाई, मी माझं तपासून घेतलंय. त्यांची नात हाय ती. तिनं तपासून घेतलंय. तुमी बाकीच्यांना तपासू बी देईनात, आन कारन काय, तर कंप्युटर?"

सूर्यभानला पोराचं वर्ष हवं होतं, बाकी कशाशी त्याला देणंघेणं नव्हतं. तोच म्हणाला, "सर, पानीच उकळायचंय ना? उकळू द्या. मशीन आमी उचलतो." आणि गहिनीनाथनं, ज्यानं वर्षानुवर्षं सरांचा शब्द खाली पडू दिला नव्हता, कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. मखमलीसकट कंप्युटर चौघांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत नेऊन ठेवला. दारावरची पाटी मी उलटी करून लावली.

तासाभरात प्रयोगशाळेत सहा स्टोव्ह पेटले. पातेली घराघरांतून आली. निर्लेखनाच्या खोक्यातले थर्मामीटर मी वाटले. पोरं सुरुवातीला भ्यायलेली होती, मग भांडायला लागली. मी आधी बघणार, तू हलवू नको, थर्मामीटरचा फुगा तळाला टेकवू नको. दोन वर्षांत त्या वर्गात मी असा गोंगाट ऐकला नव्हता. कुणाचं सत्त्याण्णव आलं, कुणाचं अठ्ठ्याण्णव, बहुतेकांचं मधलं. एक मुलगा पारा हलत नाही म्हणून स्टोव्हला पंप मारत सुटला. पाणी भांड्याबाहेर आलं, पारा जागचा हलला नाही. "जाळ वाढला तरी ह्यो वर का जाईना?" तो ओरडला. परीक्षेला नसलेला हा प्रश्न त्याला आयुष्यात पहिल्यांदाच पडला होता. यशोधरा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होती आणि सगळ्यांना विचारत होती, कळसूबाईच्या माथ्यावर किती येईल?

पंकज एकटाच पेन हातात धरून बसला होता. थर्मामीटर समोर, पारा साडेसत्त्याण्णववर, आणि वहीतलं खोडलेलं शंभर. त्यानं दाराकडे पाहिलं. आवारी सर तिथे केव्हाचे उभे होते.

"सर, काय लिहू?"

सर आत आले. पंकजच्या पातेल्यावर वाकले. वाफेनं चष्मा धुरकटला, त्यांनी तो काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाकले. मग दुसऱ्या टेबलावर गेले. तिसऱ्या. सहाही स्टोव्ह त्यांनी पाहिले. एक थर्मामीटर उचलून त्याच्या काचेवर कोरलेलं काहीतरी वाचत राहिले. तो बहुधा त्यांनी स्वतः मागवलेला असावा. पंकजला उत्तर न देता ते निघून गेले.

पंकजनं साडेसत्त्याण्णव लिहिलं. मी उरलेल्या सदतीस वह्यांवर सह्या केल्या आणि अडतीसही वह्या शिक्क्यासाठी आत पाठवल्या. दुपारी गहिनीनाथ वह्या घेऊन परत आला तेव्हा प्रत्येक वहीवर शिक्का होता. सोबत चिठ्ठी नव्हती, निरोप नव्हता. माझ्या अहवालाचं काय, ते विचारायची सोय नव्हती.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक खालच्या तालुक्यातून आले. घाईतला माणूस, चारची गाडी पकडायची होती. पहिली वही उघडली, थांबले. दुसरी उघडली. मग भराभर सात-आठ उघडल्या.

"हे काय? एकाचं सत्त्याण्णव, एकाचं अठ्ठ्याण्णव. पाण्याचा उत्कलनबिंदूसुद्धा येत नाही तुमच्या पोरांना? आणि खोटंच लिहायचं तर निदान एकमेकांशी जुळवून तरी लिहायचं."

मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "मॅडम, तोंडी परीक्षा सुरू झालीये. शिक्षकांनी मध्ये बोलायचं नाही." नियम होता, मी तोंड मिटलं.

पहिलीच यशोधरा. तिची वही त्यांच्या हातात होती.

"पाणी किती अंशांना उकळतं?"

"कुठं सर?"

"कुठं म्हणजे?"

"म्हंजी इथं का समुद्राकाठी? इथं साडेसत्त्याण्णव. समुद्राकाठी शंभर. पर त्ये शंभर मी वाचलंय, पाह्यलं न्हाई."

"उत्तर दे म्हटलं की उत्तर द्यायचं. शंभर की नाही?"

मला दिसत होतं, तिच्या वेणीचा शेंडा थरथरतोय. नर्सिंग, आईची टपरी, सगळं त्या एका शब्दात होतं. शंभर म्हटलं असतं तर सुटली असती. मला क्षणभर वाटलं, म्हण बाई, म्हणून टाक.

"इथं न्हाई सर," ती म्हणाली.

परीक्षकांनी लाल पेन उघडलं आणि तिच्या पानावर टेकवलं.

"थांबा."

दारात आवारी सर होते. परीक्षा चालू असताना मुख्याध्यापकांनी आत येऊन बोलायचं नसतं, हे ज्या माणसानं आम्हाला शंभरदा बजावलं, तो सरळ आत आला आणि परीक्षकांच्या टेबलापाशी उभा राहिला.

"एकोणीस वर्षं मी ह्या खोलीत पोरांना खोटं लिहायला लावलं, आणि तुमच्यासारख्यांनी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले," ते म्हणाले. "ही पहिली खरी बॅच आहे. पाणी बघितल्याशिवाय तुम्ही हिचा मार्क कापायचा नाही. गहिनीनाथ, स्टोव्ह पेटव."

"अहो, पण मला चारची गाडी..."

"गाडी सहालाही आहे."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. शिक्षकांनी मध्ये बोलायचं नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले आणि त्यांच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. स्टोव्ह पेटला. यशोधरानं पातेल्यात पाणी ओतलं, कापसातून थर्मामीटर काढला, ओढणीच्या टोकानं पुसला आणि परीक्षकांच्या पुढे केला.

"तुमीच धरा सर," ती म्हणाली.